पहिला पाठवणारा

1 जुलै 2018 हा रविवार होता आणि धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर उदरनिर्वाह करीत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्याकडून भटकत तिकडे गेलेली पाच माणसे त्या दिवशी बाजारात आली. मुले पळवणारी टोळी ती हीच, असा कोणी गलका केला. आणि ग्रामपंचायतीच्या ज्या खोलीत त्यांना नेण्यात आले त्याच खोलीत जमावाने त्या पाचही जणांना मरेपर्यंत मारले. मुले पळवणाऱ्यांची ती अफवा त्यापूर्वी कित्येक आठवडे भ्रमणध्वनीवरून गावोगाव हिंडत होती, आणि धुळ्यास पोहोचण्याआधी तिने इतर राज्यांतही बळी घेतले होते.

या हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲप कंपनीला जाहीर तंबी दिली, आणि त्याच महिन्यात, अफवेचा मूळ उगम हुडकून देण्याची तजवीज करा, अशी मागणीही केली. राईनपाड्याच्या शोकाने व्याकूळ झालेल्या देशात त्या मागणीला हरकत घेण्याचे कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. अडीच वर्षांनी, 25 फेब्रुवारी 2021 रोजी, त्या मागणीचा नियम झाला. माहिती तंत्रज्ञानविषयक नव्या नियमावलीतील चौथ्या नियमाच्या दुसऱ्या पोटनियमाने असे ठरवले, की ज्या संदेशवाहक सेवेचे देशात 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, तिने कोणत्याही संदेशाचा 'पहिला पाठवणारा' कोण, हे सांगता येईल अशी व्यवस्था आपल्या यंत्रणेत करून ठेवली पाहिजे. असा शोध कोणत्या गुन्ह्यांसाठी मागता येईल, तर देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था यांसंबंधीचे गुन्हे, त्यांना दिलेली चिथावणी, आणि बलात्कार वा बालकांचे लैंगिक शोषण यांसारखे, पाच वर्षांहून कमी शिक्षा नसलेले अपराध. मजकूर उघड करण्याची सक्ती नाही, असे आश्वासनही नियमात आहे. हुकूम न्यायालयाचा असावा, किंवा नसल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे व्यवहारात गृहसचिवाचा, असला तरी पुरे. याच नियमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही: पहिला पाठवणारा परदेशी असेल, तर तो संदेश भारताच्या हद्दीत ज्याने प्रथम पाठवला, तोच पहिला पाठवणारा समजला जाईल.

हे वाक्य ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे. तूर्त हा नियम ज्या व्यवस्थेवर येऊन आदळतो ती काय आहे, ते पाहू.

नव्या संभाषणाच्या आरंभी फिकट पिवळ्या पट्टीत, तुमचे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने सुरक्षित आहेत, अशा अर्थाची जी ओळ दिसते ती कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी तिचा अर्थ फारसा कोणाला उमगत नाही. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवर ही व्यवस्था सर्वांना लागू आहे. तिचे तत्त्व मोठे विलक्षण आहे. प्रत्येक फोन आपल्यापुरती एक किल्ल्यांची जोडी स्वतःच घडवतो. तीतील एक किल्ली जगजाहीर असते, दुसरी त्या फोनाबाहेर कधीच पडत नाही. मी पाठवलेला मजकूर तुमच्या जाहीर किल्लीच्या आधारे बंद होतो आणि तुमच्या खाजगी किल्लीवाचून तो उघडत नाही. मधल्या सगळ्या प्रवासात कंपनीच्या यंत्रांपुढे येते ती केवळ अर्थहीन अंकांची रास. जुन्या काळी जासूद खलिता घेऊन दौडत जाई, आणि त्यावरची लाखेची मोहोर मोडल्यावाचून आतला मजकूर त्याला कळत नसे. कंपनी त्या जासुदाच्या जागी आहे, फरक इतकाच की ही मोहोर मोडण्याचे सामर्थ्य जासुदाकडे मुळी नाहीच.

या मोहोरेची खातरजमा कोणालाही करता येते, हे मला माझ्या भाचीने दाखवले. संभाषणातील व्यक्तीच्या नावावर बोट ठेवून 'एन्क्रिप्शन' या शब्दावर गेले, की पडद्यावर 60 अंक उमटतात, पाच-पाच अंकांचे बारा गट. ती शेजारच्या खोलीत जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, "मामा, पहिला गट वाचा." मी वाचला. "बरोबर. दुसरा." अशी आमची ही अंकांची संथा बाराव्या गटापर्यंत चालली, तोवर स्वयंपाकघरातून हे काय चालले आहे म्हणून विचारणाही झाली. बाराही गट जुळले तेव्हा ती म्हणाली, "झालं. आता आपल्या दोघांमध्ये तिसरं कोणी नाही." एवढे एक वाक्य या सगळ्या शास्त्राचे सार आहे; आणि नियम 4(2) ची सगळी खटपट त्या दोघांमध्ये एक तिसरा, अदृश्य आणि कायमचा, आणून बसवण्यासाठी आहे.

मजकूर वाचायचा नाही, फक्त पहिल्या पाठवणाऱ्याचे नाव हवे आहे, असा सरकारचा युक्तिवाद. आणि वरवर पाहता तो नेमस्त वाटतो. ही गोष्ट करायची कशी, यावर मद्रास उच्च न्यायालयात 2019 साली तज्ज्ञांचा वाद झाला. मद्रासच्या आयआयटीचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी सुचवले की, प्रत्येक संदेशाबरोबर तो मूळ लिहिणाऱ्याची ओळख चिकटवून द्यावी. ती उघड ठेवावी, किंवा न्यायालयाच्या हुकमाने कंपनीलाच उघडता येईल अशी बंदिस्त ठेवावी. या सूचनेचा प्रतिवाद पवईच्या आयआयटीतून झाला. कूटशास्त्राचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी दाखवून दिले की, ज्याच्या मनात कपट आहे तो ॲपमध्ये फेरफार करून आपल्या संदेशाला दुसऱ्या एखाद्या निरपराध माणसाची ओळख चिकटवू शकेल, आणि ज्याला एवढेही करायचे नाही तो मजकूर नक्कल करून नव्याने पाठवील. म्हणजे जाळ्यात सापडेल तो भोळा, आणि निसटेल तो नेमका ज्याच्यासाठी जाळे विणले तो. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले. मला त्या वादातील निकालापेक्षा त्याची पातळी अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या सार्वजनिक जीवनात एखाद्या हुकमाची छाननी इतक्या मुळाशी जाऊन क्वचितच होते.

सरकारच्या बाजूने पुढे आणखी एक तोडगा आला: प्रत्येक संदेशापासून गणिताने अंकाक्षरांचा एक ठसा काढावा, ज्याला 'हॅश' म्हणतात, आणि तो ठसा व पाठवणाऱ्याचे नाव यांची जोडी कंपनीने दप्तरी ठेवावी. या ठशाचा गुण असा, की मजकुरात एक पूर्णविराम वाढवला, एका शब्दापुढे एक मोकळी जागा सोडली, तरी ठसा आमूलाग्र बदलतो. चित्राचा स्क्रीनशॉट काढून तो पुढे धाडला, तर चित्र तेच दिसते पण ठसा नवा. म्हणजे 'पहिला पाठवणारा' ही पदवी हुशार माणसाला नको असेल तेव्हा टाळता येते, आणि बेसावध माणसाच्या गळ्यात ती नकळत पडते. पण याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. उद्या कोणता संदेश गुन्ह्याचा ठरेल, हे आज कंपनीला कळण्याची सोय नाही. सबब, प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संदेशाची नोंद आजच करून ठेवावी लागेल. नियम झाला तेव्हा सरकारच्याच आकड्याप्रमाणे देशात व्हॉट्सॲप वापरणारी माणसे 53 कोटी होती. त्या 53 कोटींच्या आशीर्वादांची, भांडणांची, डॉक्टरांना पाठवलेल्या अहवालांची आणि प्रेमपत्रांची जन्मनोंद करायची, ती एखाद्या दिवशी त्यांतील मूठभरांचा माग लागावा म्हणून.

आता ते बाजूला ठेवलेले वाक्य. 2018 साली मुले पळवण्याच्या ज्या चित्रफितींनी देशभर हाहाकार उडवला, त्यांतील सर्वाधिक फिरलेली एक फीत कराचीत तयार झाली होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या एका संस्थेची ती जाहिरात होती, आणि शेवटचा खुलासा कापून टाकून ती खऱ्या प्रसंगाची म्हणून पसरवली गेली. नियम 4(2) तेव्हा अस्तित्वात असता, तर या फितीचा 'पहिला पाठवणारा' म्हणून कायद्याच्या हाती कोण लागला असता? कराचीचा जाहिरातदार तर नाहीच. परदेशातून आलेली फीत ज्या कोणा भारतीयाने, कदाचित आपल्या लेकराच्या काळजीने, कदाचित आखातात असलेल्या भावाकडून आली म्हणून, पहिल्यांदा पुढे ढकलली, तो मानीव अपराधी ठरला असता. राईनपाड्याच्या त्या खोलीत ज्यांनी हात उचलला, त्यांचा आणि या माणसाचा कोणताच संबंध नसता.

खुद्द राईनपाड्याच्या तपासात पोलिसांनी आरोपी ओळखले ते मारहाणीच्या चित्रफितींवरून, जमावातल्यांनीच मोठ्या हौसेने काढलेल्या. आणि अफवांना आळा बसला तो कशाने, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्याची मुभा काढून घेतली. एप्रिल 2020 मध्ये, वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर 70 टक्क्यांनी घटले. कोणाचे पत्र फोडावे लागले नाही, कोणाची नोंद ठेवावी लागली नाही.

येथे वाचक म्हणेल, सरकारने मुळी कोणाचे बोलणे ऐकूच नये, असे तुमचे म्हणणे आहे काय? तसे मुळीच नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत जे घडले, ते पाहिलेल्या माणसाला असे म्हणवणार नाही. त्या तीन दिवसांत हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषण आपल्या यंत्रणांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले आणि ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहिले. त्या काळी ते संभाषण कूटबद्ध नव्हते, हे मान्य. पण ऐकले ते ठरावीक क्रमांकांवरचे, ठरावीक माणसांचे. राज्यसत्तेचा हा अधिकार जुना आहे, 1885 च्या तार कायद्याइतका आणि 1898 च्या पोस्ट कायद्याइतका. परंतु त्याचे स्वरूप असे, की संशय एका माणसावर येतो, हुकूम त्या माणसापुरता निघतो, लखोटा त्याचा फुटतो. नव्या फर्मानाची जात निराळी आहे. ते कोणा संशयिताविरुद्ध निघत नाही, ते कारागिराला उद्देशून निघते: तुझ्या दुकानातले एकूणएक कुलूप असे बनव, की आम्हाला वाटेल तेव्हा ते उघडावे. या दोहोंतील अंतर ज्याच्या लक्षात आले, त्याला या वादातले उरलेले सगळे आपोआप कळते.

आणि तो जुना, माणसापुरता अधिकार तरी आपण कसा राबवला? त्याची कैफियत फारशी उज्ज्वल नाही. फोनवर पाळत ठेवल्याच्या प्रकरणात 1988 साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. टपाल अडवण्याची सरकारला व्यापक मुभा देणारे विधेयक 1986 साली संसदेने मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, नकारही कळवला नाही, नुसते ते तसेच ठेवून दिले. राज्यघटनेच्या इतिहासात या मौनाला मानाचे स्थान आहे. 1991 मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस शिपाई पाळतीवर आढळल्याच्या गदारोळात चंद्रशेखर यांचे सरकार गेले. अखेर 18 डिसेंबर 1996 रोजी, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर, न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी फोन-टॅपिंगला शिस्त लावली: हुकूम गृहसचिवाचाच हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि प्रत्येक हुकमाची छाननी एका पुनर्विलोकन समितीने करावी.

कागदावर ही शिस्त उत्तम आहे. तिची गत काय झाली, ते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै 2018 च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे, आणि 1992–93 च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या या न्यायमूर्तींना सरकारविरोधी म्हणून मोडीत काढणे सोपे नाही. ही पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एकेका बैठकीत तिच्यापुढे 15,000 ते 18,000 हुकूम असतात. मी कागदावर आकडेमोड केली. समिती सकाळी बसून, जेवणाची सुटी न घेता, सलग आठ तास काम करीत राहिली, तरी 15,000 हुकमांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. कागद उलटायलाच तेवढा वेळ लागतो.

छाननी झाली नाही, की काय होते याचाही दाखला घरातलाच आहे. लाचलुचपतीच्या एका प्रकरणात मुंबईतील एका व्यावसायिकाचा फोन केंद्रीय गृहमंत्रालयाच्या तीन हुकमांन्वये 2009–10 मध्ये ऐकण्यात आला होता. 22 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने ते तिन्ही हुकूम रद्द केले, कारण तार कायद्याला जी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' अपेक्षित आहे, तिचा त्या प्रकरणात मागमूस नव्हता. आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश दिला. न्याय झाला खरा, पण दहा वर्षांनी, आणि ज्याला दाद मागणे परवडले अशा माणसाला. ज्यांचा फोन ऐकला गेला आणि ज्यांना ते कधी कळलेच नाही, त्यांनी कोणत्या न्यायालयाची पायरी चढायची? पाळतीची सूचना पाळत संपल्यानंतरही त्या माणसाला देण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. 1885 चा कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला. संदेश 'समजेल अशा स्वरूपात' उघड करून देण्याची सक्ती त्यात स्पष्ट शब्दांत आली, न्यायाधीशाची पूर्वसंमती मात्र आली नाही.

सर्वांसाठी ठेवलेली वाट शेवटी कोणाच्या पायाखाली येते, याचा सर्वांत बोलका दाखला ग्रीसचा आहे. तेथील व्होडाफोन कंपनीच्या एरिक्सन बनावटीच्या टेलिफोन केंद्रांत पोलिसांच्या सोयीसाठी संभाषण ऐकण्याची यंत्रणा आज्ञावलीबरोबर आपोआप आली होती. कंपनीने ती वापरायला घेतलीही नव्हती. अथेन्सच्या ऑलिंपिकच्या सुमारास, 2004 मध्ये, कोणी अज्ञातांनी त्या निद्रिस्त यंत्रणेत शिरकाव करून ती गुपचूप चालू केली, आणि पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभरावर बड्या आसामींचे फोन कित्येक महिने ऐकले. 2005 च्या आरंभी काही ग्राहकांचे संदेश पोहोचेनासे झाले, म्हणून अभियंत्यांनी तपास केला, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. कंपनीच्या जाळ्याचे नियोजन पाहणारा अधिकारी त्यानंतर लवकरच आपल्या घरी गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. कंपनीला 7 कोटी 60 लाख युरो दंड झाला. राज्याच्या सोयीसाठी केलेल्या दारातून राज्याचा प्रमुखच उघडा पडला.

हे ग्रीससारख्या छोट्या देशातच घडते असे कोणी म्हणू नये. अमेरिकेने 1994 साली कायदा करून सर्व टेलिफोन कंपन्यांना अशी श्रवणयंत्रणा बाळगणे सक्तीचे केले. 2024 मध्ये उघड झाले की, चीनशी संबंधित समजल्या जाणाऱ्या 'सॉल्ट टायफून' नावाच्या टोळीने एटी अँड टी, व्हेरायझन यांसारख्या कंपन्यांच्या जाळ्यात घुसखोरी करून नेमक्या या यंत्रणांपर्यंत मजल मारली होती. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा विभागाच्या आणि एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी नागरिकांना काय सल्ला दिला असेल? कूटबद्ध संदेशसेवा वापरा, असा. एन्क्रिप्शनमुळे गुन्हेगार मोकाट सुटतात अशी ओरड वर्षानुवर्षे करणाऱ्या खात्याच्या तोंडून हा सल्ला यावा, याला दैवाचा विनोद म्हणावे, की अनुभवाचे शहाणपण म्हणावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

बालकांच्या शोषणाचा मुद्दा मात्र असा विनोदात उडवून लावण्याजोगा नाही. लहान मुलांच्या लैंगिक छळाची चित्रे बंद लखोट्यांतून फिरतात आणि तपास करणाऱ्या अंमलदाराला ती दिसत नाहीत, ही व्यथा खरी आहे, आणि तिच्यावर सोपे उत्तर आहे असे जो म्हणेल त्याने त्या मुलांच्या आईबापांसमोर ते म्हणून पाहावे. युरोपीय आयोगाने मे 2022 मध्ये याच कारणास्तव, संदेश धाडण्यापूर्वी तो माणसाच्या फोनातच तपासण्याची सक्ती आणू पाहिली. ब्रिटन आणखी पुढे गेला: 2016 च्या कायद्याखाली 2025 च्या आरंभी ॲपलला एक गुप्त नोटीस गेली, जिचे अस्तित्व कबूल करण्यासही कंपनीला मनाई होती, आणि तिची बातमी फुटल्यावर 21 फेब्रुवारीला कंपनीने ब्रिटिश ग्राहकांना आपली सर्वांत भक्कम संरक्षणव्यवस्था देणेच बंद केले. यात संरक्षण गमावले ते ब्रिटनच्या सामान्य ग्राहकाने. ज्याला गुन्हाच करायचा आहे, तो दुसरे साधन शोधतो. कूटलेखनाचे गणित जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले आहे आणि ते कोणत्याही संसदेच्या ठरावाने पुसता येत नाही. मुलांसाठी करण्याजोगे पुष्कळ आहे: आलेल्या संदेशाची तक्रार ज्याला आला त्यालाच करता यावी, तक्रारीनंतर पोलिसांनी ती दप्तरात कुजत ठेवू नये, जप्त फोनांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत माणसे आणि यंत्रे असावीत. या गोष्टी खर्चाच्या आणि कष्टाच्या आहेत. कुलूप तोडण्याचे फर्मान काढायला मात्र एक सही पुरते.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2024 रोजी रशियाच्या एका टेलिग्राम वापरकर्त्याच्या प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला: एकाचा संदेश उलगडण्यासाठी सर्वांचे एन्क्रिप्शन दुबळे करण्याची सक्ती लोकशाही समाजात आवश्यक ठरत नाही. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही; आणि त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे त्याहून सखोल निकाल आहे. खडकसिंग नावाच्या एका माणसाच्या घरी उत्तर प्रदेशचे पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ते दार ठोठावणे घटनाबाह्य ठरवले, पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मान्य करायला ते तयार झाले नाही. ते मान्य व्हायला 55 वर्षे लागली. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो हक्क मान्य केला. आणि त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला तो कुप्रसिद्ध जबलपूर निकाल, ज्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड हे बहुमताच्या बाजूने होते, त्याच निकालपत्रात खोडून काढला. महाराष्ट्राच्या एका घरातल्या दोन पिढ्यांमध्ये देशाच्या स्वातंत्र्याचा एवढा मोठा हिशेब चुकता व्हावा, ही गोष्ट आपल्याकडे जितकी बोलली जायला हवी होती तितकी बोलली गेली नाही. राज्याला या हक्कात हात घालायचा असेल, तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निकालाने घालून दिली. 53 कोटींची नोंद ठेवून मूठभरांना शोधणे, हे या कसोटीला कसे उतरते, ते मला तरी समजलेले नाही.

व्हॉट्सॲपने मे 2021 मध्ये याच निकालाच्या आधारे नियम 4(2) ला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि एप्रिल 2024 च्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी सांगून टाकले की, एन्क्रिप्शन मोडायला लावले तर आम्हाला येथून जावे लागेल. सरकारचे म्हणणे, परदेशी कंपनीला भारतीय नागरिकाचे मूलभूत हक्क सांगण्याचा अधिकार काय? या प्रश्नात तथ्य आहे, आणि ते आपल्याला लाजवणारे आहे. जिचा सगळा व्यापार माणसांच्या सवयींची टिपणे काढून ती जाहिरातदारांना विकण्यावर उभा आहे, त्या कंपनीने आपल्या खाजगीपणाची वकिली करावी आणि आपण प्रेक्षकांत बसावे, हा प्रकार शोभणारा नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, एसएफएलसी अशा मोजक्या संस्था सोडल्या, तर या लढ्यात आपल्या बाजूने उभे राहणारे फार थोडे.

"कर नाही त्याला डर कशाला?" हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. ज्याने काही केले नाही त्याला भीती नसावी, हे राज्य निर्दोष असताना खरे असते. 13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्या जोडप्यांची माहिती घेण्यासाठी एक समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत आंतरजातीय विवाह त्यातून वगळले गेले, आंतरधर्मीय राहिले. घरच्यांना न सांगता नोंदणी विवाहाची तारीख ठरवणाऱ्या मुलीने कोणता 'कर' केलेला असतो? आपल्या क्षयाचा किंवा एड्सचा अहवाल डॉक्टरांना पाठवणाऱ्याने, साहेबाच्या भ्रष्टाचाराची कागदपत्रे वार्ताहराला देणाऱ्या कारकुनाने, वकिलाशी बोलणाऱ्या आरोपीने? यांना भीती असते ती गुन्ह्यामुळे नव्हे, आपल्याहून बलवान असलेल्यांमुळे. आणि त्यांच्याजवळ त्या बलवानांविरुद्ध कुलपाखेरीज दुसरे काही नसते.

आपण बोललो तर उपयोग काय, असे वाटणाऱ्यांसाठी दोन हकिकती. सप्टेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला, त्यात सामान्य नागरिकानेही आपल्या कूटबद्ध संदेशांची उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यास हजर करावी, अशी तरतूद होती. चार दिवस लोकांनी गिल्ला केला आणि 22 सप्टेंबरला मसुदा मागे गेला. 28 नोव्हेंबर 2025 रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच बसवून देण्याचा हुकूम फोन बनवणाऱ्यांना दिला. पुन्हा गदारोळ, आणि 3 डिसेंबरला सक्ती रद्द. मी या दोन्ही प्रसंगांतील वृत्तपत्रे चाळली. सरकारला माघार घ्यायला लावणारे लोक फार मोठ्या संख्येने नव्हते. ते फक्त वेळेवर बोलले होते.

नियमांचे मसुदे सरकार हरकतींसाठी जाहीर करते, बहुधा 30 दिवसांची मुदत देते, आणि ती मुदत आपल्या लक्षात येईपर्यंत उलटून जाते. 2024 च्या ऑगस्टात दूरसंचार संदेश अडवण्याच्या नियमांचा मसुदा असाच आला आणि 6 डिसेंबरला नियम होऊन बसला. पुढचा मसुदा येईल तेव्हा एक साधे पत्र लिहा: हुकूम संशयितापुरता असावा, तो न्यायाधीशाच्या सहीने निघावा, पाळत संपल्यावर त्या माणसाला कळवावे, आणि सर्वांची कुलपे कमकुवत करण्याची सक्ती आम्हाला मान्य नाही. पत्ता आहे, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स निकेतन, सीजीओ कॉम्प्लेक्स, लोधी रोड, नवी दिल्ली 110003. मराठीत लिहिले तरी चालेल. खाली सही आणि तारीख मात्र न विसरता घाला, आणि एक प्रत आपल्या खासदाराला पाठवा.